आठ दिवसांचे भात

सल्ला देण्याची हौस माणसाला केव्हा लागली हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण ज्या दिवशी पहिल्या माणसाने मातीत पहिले बी टाकले, त्याच दिवशी बांधावर उभ्या असलेल्या दुसऱ्याने 'चार दिवस आधी टाकायला हवं होतं' असे त्याला ऐकवले असणार, याविषयी मला शंका नाही. शेती आणि सल्ला ही जुळी भावंडे आहेत. आपल्या मराठीत तर सहदेव-भाडळीच्या नावावर, वारा, ढग आणि नक्षत्रे पाहून पावसाचा अंदाज सांगणाऱ्या वचनांची एक सबंध परंपराच आहे. सल्ल्याला खत लागत नाही, राखण लागत नाही, आणि पाऊस पडो न पडो, त्याचे पीक दरसाल सोळा आणे येते.

हे सारे सुचायचे कारण असे की, अलीकडे आमच्या कॉलेजच्या पडवीत शेतीच्या गोष्टी फार चालतात. मी शहापूर तालुक्यात मराठी शिकवते. खर्डी, कसारा, डोळखांब, किन्हवली अशा चारी दिशांनी मुले येतात, कोणी एस.टी.ने, कोणी लोकलने आसनगाव गाठून. एक गाडी चुकली की दुसरी पुष्कळ वेळाने, त्यामुळे पडवीत सदैव कोणी ना कोणी कोणाची तरी वाट पाहत बसलेले असते. आणि वाट पाहणारी दोन माणसे एकत्र आली की तिथे सल्ला उगवतोच.

"पहिल्याच दिवशी सगळं गवत कापत सुटू नको. आधी सायलो बांध, मग काप. नाहीतर चारा फुकट जातो."

"तेरा तारखेला जत्रा असते, तिथेच स्ट्रॉबेरीचं बी मिळतं. त्याच संध्याकाळी लावलंस तर दोन तोडे मिळतील. पण माझं ऐक, बी राखून ठेव आणि पुढल्या वर्षी एक तारखेलाच लाव."

"प्रत्येक पिकातलं एकेक पेटीत टाकून ठेव. सगळं विकायचं नाही. पुढे लागतं."

"रात्री दोनच्या आत घरी ये. नाहीतर आहेस तिथेच पडशील, आणि वर पैसेही जातील."

हा शेवटचा सल्ला तर कुठल्याही आईने द्यावा असा. आमच्या बाजूला उन्हाळी भेंडी लावतात, काकडी लावतात, हल्ली मोगराही होतो. स्ट्रॉबेरीसाठी मात्र महाबळेश्वर गाठावे लागते. मुलांची शेती त्याहूनही लांबची आहे. ती त्यांच्या मोबाईलमध्ये आहे, आणि तिचे नाव 'स्टार्ड्यू व्हॅली'.

ज्यांच्या घरी कॉलेजात जाणारे कोणी नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. एरिक बॅरोन नावाच्या एका अमेरिकन तरुणाने सुमारे साडेचार वर्षे एकट्याने बसून हा खेळ रचला. चित्रे त्याची, संगीत त्याचे, पात्रांची बोलणीही त्याचीच. २०१६ साली तो संगणकावर आला आणि २०१९ साली आपल्या साध्या मोबाईलवर. गोष्ट अशी: एका अवाढव्य कंपनीत मेजाला जखडून काम करणारा तुम्ही एक कारकून. आजोबांनी मागे ठेवलेले पत्र एके दिवशी उघडता, आणि त्यांची पडीक जमीन कसायला गावी येता. जमीन दगडांनी, ओंडक्यांनी, तणाने भरलेली. गावचा प्रमुख पंधरा बिया देतो, त्या पार्स्निपच्या. पार्स्निप म्हणजे गाजराच्या कुळातला एक फिकट कंद. त्या पेरायच्या, रोज झारीने पाणी घालायचे, चौथ्या दिवशी काढायच्या. मग पुढचे बी. वर्षात चार ऋतू, ऋतूचे दिवस अठ्ठावीस, आणि दिवस साधारण चौदा मिनिटांचा. म्हणजे आपल्या घड्याळाने सव्वीस तासांत त्यांचे वर्ष उलटते. जिंकणे-हरणे असे त्यात फारसे काही नाही. माणूस उठतो, शेत शिंपतो, गावात चार जणांना भेटतो आणि झोपतो. गोळीबाराचे खेळ खेळणारा आमच्या वर्गातला एक वीर हे सर्व अर्धा तास बघत होता. शेवटी त्याने विचारले, "पण ह्यात मारायचं कुणाला?" खाणीत राक्षस असतात असे कोणी सांगितले तेव्हा त्याला जरा बरे वाटले.

आयुष्याचा असा खेळ करून मांडणे आपल्याला नवे नाही. मोक्षपटावर कवड्या टाकून पुण्याच्या शिड्या चढायच्या आणि पापाच्या सापांवरून घसरायचे; परंपरा त्याचे कर्तेपण ज्ञानेश्वरांकडे देते. असे पट पुढे इंग्लंडात गेले, त्यांची सापशिडी झाली, आणि मोक्षाच्या जागी नुसता शंभराचा आकडा उरला. आणि भातुकलीला तर पट देखील लागत नाही. मुरबाडला आमच्या घरामागच्या चिंचेखाली आम्ही ती मांडत असू. चुरमुरे हा भात, दाण्याचे कूट ही भाजी, गुळाचा खडा हे पक्वान्न. माझी आत्या ओटीवर सुपारी कातरत बसलेली असे आणि तिथून तिच्या सूचना येत. "अगं, आधी पाहुण्यांना पाणी दे." "नवऱ्याला ऑफिसात धाड गं, घरी ठेवू नको, सगळे चुरमुरे खाऊन टाकील." तिने स्वतः ज्या संसारात तीस वर्षे काढली त्याचे सारे शहाणपण असे आम्हांला चिंचेखाली फुकट मिळत होते. तो नवरा म्हणजे शेजारचा एक सात वर्षांचा मुलगा होता, आणि आत्याचे म्हणणे त्याच्या बाबतीत अक्षरशः खरे होते.

पुढे २००९ साली फेसबुकवर 'फार्मव्हिल' आले. माझी एक मावसबहीण डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहून शेती करू लागली. त्यातली स्ट्रॉबेरी चार तासांत पिके आणि वेळेवर काढली नाही तर सुकून जाई. म्हणून ही बाई गजर लावून पहाटे उठे, पीक काढी आणि परत झोपे. शेजाऱ्यांच्या शेताला खत घालण्याची सोय होती. त्यामुळे ज्या नणंदेशी तिचे बोलणे नव्हते तिच्याकडे ती नियमाने खत घालीत असे. २०२० सालच्या ३१ डिसेंबरला तो खेळ बंद झाला. तुझ्या शेताचे काय झाले असे मी विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बंद पडलं." एखादी गिरणी बंद पडावी तसे.

हे खेळ रचणाऱ्यांची चरित्रे वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली. विल राइट हा अमेरिकन गृहस्थ ऑकलंडच्या टेकड्यांत राहत होता. १९९१ साली तिथे वणवा पेटला, त्यात त्याचे घर जळाले. नव्याने संसार उभा करताना माणसाला कुठली वस्तू खरोखर लागते याचा तो विचार करू लागला, आणि त्या विचारातून २००० साली 'द सिम्स' हा घरसंसाराचा खेळ निघाला. (त्यात माणसाला पोहायला उतरवायचे आणि तलावाची शिडी काढून घ्यायची, म्हणजे तो बिचारा बुडून मरतो, ही युक्ती खेळणाऱ्यांनी जगभर एकमेकांना मोठ्या आनंदाने सांगितली. सर्वच सल्ले आत्याच्या वळणाचे नसतात.) जपानचा यासुहिरो वादा खेड्यात वाढला, तोक्योत आला, आणि मागे टाकलेल्या गावाच्या आठवणीने त्याने १९९६ साली 'हार्वेस्ट मून' हा शेतीचा खेळ केला. तोच लहानपणी खेळून बॅरोनने आपला खेळ रचला. एकाचे घर गेले, दुसऱ्याचे गाव सुटले. ज्याचे जे सुटले त्याने त्याचा खेळ केला. मुलांचे याच्या उलट असते. जे अजून हाती आलेले नाही त्याची ती भातुकली मांडतात. माझे विद्यार्थी यांतल्या कुठल्या रांगेत बसतात ते मला सांगता येत नाही. त्यांचे वय भातुकलीचे नाही आणि आठवणींचेही नाही. पण आमचा तालुका असा आहे की वीस वर्षांच्या पोराच्या जन्मातच पुष्कळ काही येऊन जाते.

मध्यंतरी एका मुलीची कवितेची वही तपासायला माझ्याकडे आली. मागच्या पानांवर सुवाच्य अक्षरात एक तक्ता होता. जॉर्ज : लीक. एव्हलिन : बीट. पॅम : पार्स्निप. पेनी : खसखशीचं फूल. लीया : सॅलड. हेली : सूर्यफूल. प्रत्येकापुढे वाढदिवसाची तारीख. खेळातल्या गावात कोणाला काय आवडते ते हेरून आठवड्यातून दोनदा भेट द्यायची, म्हणजे स्नेह वाढतो. वाढदिवसाला दिलेली भेट आठपट मोलाची. जॉर्ज हा चाकाच्या खुर्चीतला एक तिरसट म्हातारा, सगळ्यांवर खेकसणारा. पण रानात उगवलेला फुकटचा लीक त्याच्या हातावर ठेवला की विरघळतो. ही माहिती या मुलीने मैत्रिणींकडून गोळा केली होती आणि स्वतःची भर घालून पुढे वाटली होती. नवी सून सासरी जाते तेव्हा हेच करते, फक्त तिला तक्ता करायला वही मिळत नाही. मी तिला सहज विचारले, "तुझ्या वडिलांचा वाढदिवस कधी गं?" ती हसली. "एक जून, मॅडम. आमच्या अख्ख्या आळीचा एक जून." शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख सोयीची म्हणून लिहिली तीच एका पिढीची जन्मतारीख झाली. त्या तारखेला भेट देऊन कोणाचा स्नेह आठपट वाढायचा?

दुसरी एक मुलगी डोंगराकडच्या पाड्यावरून येते. तिचा स्वतःचा मोबाईल नाही. मैत्रिणीच्या मोबाईलवर ती अधूनमधून चार दिवसांची शेती करते. चार दिवस म्हणजे तासभर. तिला कोणी सल्ला विचारीत नाही आणि ती देतही नाही. मी एकदा तिला विचारले की तुला काय आवडले त्यात? ती म्हणाली, "तळं दारातच आहे, मॅडम. झारी बुडवली की भरली. आणि ते आटत नाही." आमच्या तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे, मुंबईचे नळ त्यांच्यावर चालतात. आणि एप्रिल उजाडला की आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. तिची आई उन्हाळ्यात पहाटे किती वाजता उठते हे मला ठाऊक आहे, म्हणून मी पुढे काही विचारले नाही.

आता भाताकडे येते, कारण आमच्या पडवीत सर्वांत जोराचा वाद त्याच्यावरून झाला. खेळ निघून काही वर्षे झाल्यावर त्यात भाताची भर पडली. तिथे भाताचे रोप दुसऱ्या वर्षापासून दुकानात विकत मिळते. लावायचे वसंतात. आठ दिवसांत ते काढणीला येते. पाण्याच्या कडेला लावले तर सहा दिवसांत, आणि मग शिंपावेही लागत नाही. ज्याने ही बातमी आणली त्याला बाकीच्यांनी वेड्यात काढले. "वसंतात भात? चैत्रात? अरे, तेव्हा तर आपल्याकडे राब भाजतात!" "आणि आवण कुठे टाकायचं?" "टाकायचं नाही, तयारच मिळतं." "मग सासूपण तयार मिळते का बघ." अशी बराच वेळ चालली. त्या घटकाभरात माझ्या ध्यानात आले की गोवऱ्या, पालापाचोळा रचून राब भाजण्यापासून रोहिणीतल्या पेरणीपर्यंत, चिखलणीपासून आषाढातल्या लावणीपर्यंत, सगळी भाषा या पोरांच्या तोंडात अजून शाबूत आहे. वर्गात मी 'आवण' या शब्दाचा अर्थ विचारला असता तर एकानेही हात वर केला नसता. वर्ग म्हटला की आपल्याला येणारे शब्द तिथले नव्हेत असे त्यांना वाटते.

मराठीत भात या शब्दाची एक गंमत आहे. शेतात असते तोवर 'ते भात'. ताटात आला की 'तो भात'. नपुंसकलिंगाचे पुल्लिंग व्हायला मध्ये झोडणी, वारवणी, भरडणी आणि एका बाईचे दोन तास चुलीशी एवढे सारे लागते. खेळात एक गिरणी बांधता येते. संध्याकाळी तिच्यात भात टाकावे आणि सकाळी तांदूळ घ्यावा. आमचे भात वाणाप्रमाणे एकशेवीस, एकशेचाळीस दिवस घेते. त्यात पायांच्या बोटांना चिखल्या होतात, कंबर मोडते, आणि एवढे करून कापणीच्या ऐन दिवसांत, दिवाळीच्या तोंडावर, अवकाळी पाऊस येऊन उभे पीक आडवे करतो.

वादाच्या वेळी एक मुलगा गप्प बसून होता. त्याच्या घरची सगळी शेती तीन वर्षांपूर्वी गोदामासाठी विकली गेली. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी फसवले नाही. भाव चांगला आला, घरच्यांनी विचार करून दिली. आता स्लॅबचे घर आहे, एक टेम्पो आहे, भाऊ तो चालवतो. वडील पन्नाशीचे. त्यांना करायला काही उरलेले नाही. पूर्वी लावणीच्या आधी आळीतली माणसे त्यांच्या ओट्यावर येऊन बसत. यंदा कर्जतचे वाण लावावे की झिनी, मृगावर भरवसा ठेवावा की थांबावे, म्हशाच्या जत्रेत बैल घ्यावा की भाड्याचा ट्रॅक्टर बोलवावा. आता विचारणाऱ्यांतल्याही निम्म्यांची शेते गेली. सल्ल्याला खत-पाणी लागत नाही असे मी वर म्हटले खरे. पण तो टाकायला जमीन लागते. पैसे आले ते बँकेत ठेवता आले. हे दुसरे धन ठेवायला कुठे जागा नव्हती.

तर हा मुलगा खेळतो. खेळात शेताला नाव देता येते. त्याने आपल्या विकलेल्या शेतातल्या सर्वांत मोठ्या खाचराचे नाव दिले आहे. एका रात्री वडील त्याच्या मागे येऊन उभे राहिले आणि काय करतोस म्हणून विचारू लागले. त्याने दाखवले. खेळातल्या घरात एक टीव्ही आहे, तो उद्याचे हवामान सांगतो.

"आणि खरं निघतं?" वडिलांनी विचारले.

"रोज."

"रोज?" ते जरा वेळ पाहत राहिले. "मग शेतकरी कशाला पाहिजे?"

पण दुसऱ्या रात्री ते आपणहून आले. पाण्याच्या कडेचा भात त्यांना लगेच पटला. त्यात काय, खालच्या अंगाला ओल टिकते, तिथे लावणारच. आठ दिवसांत पिकतो हे मात्र त्यांनी हसण्यावारी नेले. आठ दिवसांच्या भाताला चव काय येणार? बुजगावणे कुठे उभे करायचे, हे त्यांनी बोट ठेवून सांगितले. आंबे लावले आहेत का विचारले. तेही अलीकडे त्या खेळात आले आहेत, पण पुष्कळ पुढे गेल्यावर मिळतात. तोवर थांबावे लागेल असे मुलाने सांगितले तेव्हा त्यांना ते रास्त वाटले.

हे मला त्याने पडवीत सांगितले, शिकवणीविषयी काही विचारायला म्हणून आला होता तेव्हा. मित्रांना यातले काही ठाऊक नाही. त्यांच्यात सध्या निराळी चर्चा आहे. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी खेळातले ते वारलेले आजोबा येतात आणि नातवाने शेत कसे राखले याचा निवाडा करतात. चांगले राखले असेल तर चार मेणबत्त्या उजळतात. त्या चारही कशा मिळवायच्या यावर जो तो सल्ला देतो आहे. पैसे किती साठवावे, घर किती वाढवावे, लग्न करावे की नाही. या मुलाचे दुसरे वर्ष चालू आहे, शरद ऋतू. वडिलांनी त्याला विचारले, आजोबा आले म्हणजे काय काय बघतील?

"किती कमावलं, किती जणांशी ओळख ठेवली, लग्न केलं का."

"जमीन आहे का ते नाही बघणार?"

"तिथे जमीन विकताच येत नाही, बाबा."

ते काही बोलले नाहीत. मग थोड्या वेळाने भोपळे कसे लावलेस म्हणून त्यांनी विचारले. खेळणाऱ्यांत अशी माहिती आहे की तीन ओळींत तीन-तीन असे नऊ भोपळे एकमेकांना खेटून लावावे. नशीब असेल तर त्या नवांचा मिळून एकच प्रचंड भोपळा होतो. मुलाने तसेच लावायचे ठरवले होते. वडिलांनी पाहिले आणि मान हलवली. असे दाटीने लावू नयेत, म्हणाले. वेल पसरायला जागा लागते, मधली ओळ सोड.

त्याने मधली ओळ सोडली आहे. मोठा भोपळा आता होणार नाही हे त्याला चांगले ठाऊक आहे, आणि मित्रांनी विचारले तर काय सांगावे हे त्याने अजून ठरवलेले नाही.